लहान पेटींतला खर्ज

संगीताचा जलसा आटोपला म्हणजे व्यासपीठावर एक लहानसें दृश्य पाहावयास मिळतें. बासरीवाला बासरी पिशवींत टाकून केव्हांच निघालेला असतो. सतारवादक गवसणीचे बंद आवळीत असतो. आणि मागें राहतो तो बास गिटार वाजविणारा. त्याचें वाद्य एका हातानें उचलण्याजोगें. परंतु ज्या स्पीकरच्या पेटींतून त्याचा स्वर बाहेर पडतो, ती मात्र दोघांनीं धरून जिन्यावरून उतरवावी लागते. रोज रात्रीं हें ओझें वाहणाऱ्याची पाठ किती वर्षें टिकणार? म्हणून लहान व हलकी पेटी ही त्याच्या दृष्टीनें चैन नव्हे, गरज आहे. श्रोतेहो, अशी पेटी खरोखर करतां येते काय, आणि तिच्यासाठीं कोणतें मोल द्यावें लागतें, याचा आज विचार करूं.

प्रथम पेटी हवीच कशाला, तें पाहूं. १९५१ सालीं अमेरिकेंत लिओ फेंडर यांनीं 'प्रिसिजन बास' हें वाद्य बाजारांत आणलें. त्याची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ४१ कंपनें करते, आणि त्या स्वराची हवेंतील लाट ८ मीटरांहून अधिक लांब असते. स्पीकरचा पडदा पुढें सरकला कीं समोरची हवा दाबली जाते. पण त्याच क्षणीं मागची हवा विरळ होते. इतक्या लांब लाटा उघड्या स्पीकरच्या कडेवरून सहज वळतात, एकमेकींना भेटतात आणि एकमेकींचा नाश करतात. तेव्हां पेटीचें पहिलें काम आवाज वाढविण्याचें नसून पाठीमागची लाट कोंडून ठेवण्याचें आहे.

परंतु कोंडलेली हवा स्वस्थ बसत नाहीं. सायकलच्या पंपाचें तोंड बोटानें दाबून दांडा रेटून पाहा. हवा स्प्रिंगसारखी उलट लोटते. पेटी जितकी लहान, तितकी ही स्प्रिंग ताठ, आणि तितकें पडद्याला खर्जाच्या संथ व लांब हालचाली करणें कठीण. यावर पेटीला एक नळी बसविण्याची युक्ति निघाली. अरुंद तोंडाच्या बाटलीवर फुंकर घातली असतां ती घुमते, तशी ही नळी ठराविक स्वरावर घुमून पडद्याला साहाय्य करते. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या अल्बर्ट थुरास यांना या योजनेचें पेटंट १९३२ सालीं मिळालें. पण येथेंहि अडचण आहेच. लहान पेटी खोल स्वरावर घुमवावयाची, तर नळी फार लांब करावी लागते किंवा अरुंद. आणि अरुंद नळींतून जोरानें जाणारी हवा फुसफुसूं लागते.

या साऱ्या अडचणींचें सार अमेरिकेंतील जोसेफ अँटन हॉफमन यांनीं एका नियमांत सांगितलें, आणि तो 'पोलादी नियम' म्हणून प्रसिद्ध आहे. आपल्या तीन इच्छा असतात: खर्ज खोल हवा, थोड्या विजेंत आवाज मोठा हवा, आणि पेटी लहान हवी. यांपैकीं कोणत्याहि दोन मागाव्या. तिसरी सोडावी लागते. हिशेब तर फारच कठोर आहे. खर्जाची मर्यादा ८० कंपनांवरून ४० वर आणावयाची, म्हणजे एका सप्तकानें खालीं न्यावयाची असेल, तर पेटी आठपट मोठी करा, नाहींतर वीज आठपट द्या. १९६९ सालीं ॲम्पेग कंपनीनें दहा इंची आठ स्पीकरांची पेटी आणली, ती या नियमाला मान तुकवूनच. त्या जातीची पेटी आजहि ६० किलोंच्या वर भरते. आणि तिच्यासाठीं काढलेला ३०० वॅटचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर ४० किलोंच्या आसपास होता.

मग आजच्या लहान पेट्या कशा निघाल्या? येथें वजन आणि आकार यांची गल्लत करूं नये. वजन कमी करण्यास निसर्गाची आडकाठी नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत निओडिमियम, लोखंड व बोरॉन यांचें चुंबक निघालें; तें नेहमींच्या फेराइट चुंबकाच्या सुमारें दहापट शक्तिमान असल्यामुळें थोडक्यांत काम भागतें. लाकडाचेंहि तसेंच. ४५ सेंटिमीटर लांब, तितकीच उंच व ४० सेंटिमीटर खोल पेटी १८ मिलिमीटरच्या बर्च प्लायवुडची केली तर नुसतें लाकूड सुमारें १४ किलो भरतें. १२ मिलिमीटरच्या पॉप्लर प्लायवुडची केली तर सुमारें ६ किलो. मात्र पातळ फळी थरथरते, आणि स्वर बिघडवते. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा पातळ असूनहि ताठ राहतो, तो त्याच्या गोलाईमुळें. सपाट फळीला तें भाग्य नाहीं. म्हणून समोरासमोरच्या फळ्यांमध्यें आडव्या पट्ट्या ठोकून तिला आधार द्यावा लागतो. कुशल कारागीर लाकूड जाड करीत नाहीं. तें योग्य जागीं लावतो.

आकाराचें मोल मात्र चुकत नाहीं. तें विजेनें फेडावें लागतें. आतां ५०० वॅटचा ॲम्प्लिफायर दोन-तीन किलोंत मिळतो, म्हणून हें फेडणें शक्य झालें. पण स्पीकरला दिलेल्या विजेपैकीं शंभरांत कांहीं थोडेच भाग आवाज होतात. उरलेली सारी उष्णता. आणि निओडिमियम चुंबकाला उष्णतेचेंच वावडें आहे. शिवाय बंद पेटींत स्वर एका सप्तकानें उतरला, तर तेवढाच आवाज राखण्यास पडद्याला चौपट हालावें लागतें. लहान पेटीवर अतोनात जोर केला, तर ती प्रथम कण्हते आणि मग जळते.

सुदैवानें एक सवलत आपल्या कानांनींच दिली आहे. ४१ कंपनांचा स्वर वाजला म्हणजे त्याबरोबर ८२, १२३, १६४ अशीं पटींतलीं कंपनेंहि वाजतात. मूळचें कंपन क्षीण झालें, तरी या सोबत्यांवरून कान मूळ स्वर ओळखतो. वर सांगितलेली ती प्रचंड पेटीसुद्धां सर्वांत खालच्या कंपनाला पुरा न्याय देत नाहीं. तरी तिचा खर्ज कोणाला अपुरा वाटला नाहीं. म्हणून शहाणा रचनाकार अगदीं तळचीं कंपनें आधींच गाळतो, आणि वाचलेली शक्ति जेथें कान ऐकतो तेथें खर्चतो.

तात्पर्य, लहान पेटी ही जादू नव्हे व फसवणूकहि नव्हे. ती एक तडजोड आहे. तिन्ही इच्छा एकदम पुरविण्याचें वचन देणाऱ्या जाहिरातीवर मात्र विश्वास ठेवूं नये. घरांतला एखादा तरुण अशी पेटी घेऊं लागला, तर त्याला एवढेंच विचारावें, "या तिहींपैकीं तूं कोणती इच्छा सोडलीस?" ज्याला याचें उत्तर देतां येतें, त्याची पेटी बहुधा योग्यच असते, आणि पाठहि शाबूत राहते.