हात बसण्याआधी कागद व्हावा

उल्हासनगरचे कॅम्प, अंबरनाथचा स्थानक परिसर किंवा बदलापूरच्या नव्या वसाहती, ब्युटी पार्लर नाही असा रस्ता विरळाच. आपल्या घरांतील मुलीही हा अभ्यासक्रम निवडतात आणि वर्ग संपताच ‘हात बसावा’ म्हणून एखाद्या पार्लरमध्ये जातात. बँकेत असताना अशीच एक मुलगी कर्जासाठी माझ्यासमोर बसली होती. दीड वर्ष तिने विनावेतन काम केले होते. पण त्या अनुभवाचा एकही कागद तिच्यापाशी नव्हता.

अमेरिकेत या व्यवसायासाठी राज्याचा परवाना लागतो. न्यू यॉर्कमध्ये त्याआधी १,००० तासांचे शिक्षण सक्तीचे आहे. आपल्याकडे असे परवाना मंडळ नाही. म्हणून नियमच नाहीत, असे मात्र नव्हे.

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ हा आपला आधार आहे. किमान वय १४ वर्षे. उमेदवार अज्ञान असल्यास करार पालकाने करावयाचा. कराराची शासनाकडे नोंदणी होते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, तर ४ ते २९ असल्यास ऐच्छिक. म्हणजे चौघांचे पार्लरही रीतसर उमेदवार घेऊ शकते. त्याच दुरुस्तीने दहावी उत्तीर्ण उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा ६,००० रुपये ठरवले. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल १,५०० रुपये, वाटा उचलते. पूर्वी ही रक्कम मालकाला परत मिळे. २०२३ पासून ती थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होऊ लागली.

कायद्याच्या दृष्टीने हा उमेदवार कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे. तरीही शिकताना काम करीत असता इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर येते. केसांचा रंग, ब्लीच, गरम वॅक्स यांच्याशी रोज संबंध येणाऱ्या मुलीसाठी ही तरतूद मोलाची आहे.

आपण व्यापारी माणसे. उधारीची नोंद वहीत केल्याशिवाय माल दुकानाबाहेर जाऊ देत नाही. मग मुलीच्या उमेदीचे वर्ष तोंडी शब्दावर का सोपवावे? पालकांनी पहिल्याच दिवशी करार मागावा. आणि ज्यांचे स्वतःचे पार्लर आहे, त्यांनी तो मागण्याची वेळ दुसऱ्याच्या मुलीवर येऊ देऊ नये.