एल्डन शॅम्बलिन : साथीची गिटार

वेस्टर्न स्विंग ऐकताना बहुतेकांचे कान फिडलकडे जातात, नाहीतर गाण्याच्या मधेच वाद्यवृंदप्रमुख बॉब विल्स जो लांबलचक ‘आ-हाऽऽ’ घालतो त्याच्याकडे. माझे कान मात्र वर्षानुवर्षं एकाच जागी अडकून पडले आहेत. या सगळ्या गलक्यामागे एक ऱ्हिदम गिटार चार मात्रांच्या प्रत्येक आवर्तनातून चालत असते. ती वाजवणाऱ्या एल्डन शॅम्बलिनचे एकल तुकडे फार थोडे. त्याने आयुष्यभर प्रामुख्याने साथ केली, आणि ती अशी केली की मी मूळ गाणं सोडून साथच ऐकत बसतो.

पार्श्वभूमी आधी उरकतो. १९३०च्या दशकात टेक्सास आणि ओक्लाहोमात खेड्यातल्या नाचाचं फिडल, ब्लूज, मेक्सिकन चाली आणि जॅझ एकत्र येऊन हे नाचाचं संगीत घडलं. विल्स फोर्ट वर्थला ‘लाइट क्रस्ट डोबॉइज’ या वाद्यवृंदात वाजवायचा. त्यांचं काम म्हणजे रेडिओवरून एका गिरणीचं पीठ खपवणं. (गिरणीचा व्यवस्थापक ली ओ’डॅनियल रेडिओवरच इतका लोकप्रिय झाला की १९३८ साली टेक्सासचा गव्हर्नर म्हणून निवडून आला.) १९३३ साली ओ’डॅनियलशी फाटल्यावर विल्स बाहेर पडला आणि पुढच्या वर्षी स्वतःचा ‘टेक्सास प्लेबॉइज’ वाद्यवृंद घेऊन टल्सा शहरात स्थिरावला. शॅम्बलिनचा जन्म २४ एप्रिल १९१६चा, पश्चिम ओक्लाहोमातला. गिटार तो आपली आपणच शिकला, स्वरलेखनही शिकला, आणि १९३७ साली विल्सकडे रुजू झाला. पुढे वाद्यवृंदात ट्रम्पेट, सॅक्सोफोन आले, तेव्हा या सगळ्यांनी काय वाजवायचं ते कागदावर मांडण्याच्या कामात त्याचा मोठा हात होता.

टल्साला गेलो तेव्हा विल्सचा हा वाद्यवृंद जिथे वाजवायचा ते केन्स बॉलरूम पाहिलं. मेन स्ट्रीटवरची ही इमारत १९२४ साली मोटारींच्या गॅरेजसाठी बांधलेली. भिंतींवर जुन्या गायक-वादकांची मोठमोठी चित्रं, खाली मॅपलच्या लाकडाची नाचाची जमीन. तिच्यावर उभं राहिलं की शॅम्बलिनच्या वादनाचं कारण पायांना कळतं. ही मैफल खुर्चीत बसून ऐकायची नव्हतीच. नाचणाऱ्या जोडप्याला सुरेख तान ऐकू आली नाही तरी चालतं, पण मात्रा हरवली तर पाऊल अडखळतं.

आता त्याच्या हाताकडे येऊ. जी मेजर कॉर्ड आहे असं धरा. साधा वादक ती पकडतो आणि गाण्यात बदल येईपर्यंत तीच झोडत राहतो. शॅम्बलिनच्या धाटणीत पहिल्या मात्रेला जी, दुसरीला तीच कॉर्ड पण तळाशी बी, तिसरीला सी, चौथीला सी-शार्प डिमिनिश्ड आणि पुढच्या समेवर पुन्हा जी, आता तळाशी डी. नुसते तळाचे स्वर म्हणून पाहा : जी, बी, सी, सी-शार्प, डी. जिना चढावा तशी ही ओळ चढते आणि दर पायरीवर एक नवी कॉर्ड उभी असते. म्हणजे एकच माणूस ठेका धरतोय, बासची चाल चालवतोय आणि वर स्वरसंगतीही बदलतोय, आणि गाणाऱ्याच्या वाटेत कुठेही येत नाही. यात उघडी तार वाजवायची नाही. वाजणारी प्रत्येक तार बोटाखाली असली की बोटांचा दाब किंचित सैल करताच आवाज तिथल्या तिथे मिटतो, आणि त्या मिटण्यातूनच ठेक्याला उठाव येतो. घरी हे वाजवून पाहणाऱ्याचा डावा पंजा दोन कडव्यांत भरून येतो. शॅम्बलिन रात्रभर वाजवायचा.

एकल वादनात तो कमी होता असं मात्र कुणी समजू नये. १९४१ सालचं ‘ट्विन गिटार स्पेशल’ ऐका. त्यात त्याची गिटार आणि प्लेबॉइजमधल्याच लिऑन मॅकॉलिफची स्टील गिटार एका श्वासात बोलतात. ही स्टील गिटार आपल्याला परकी नाही. मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवून तारेवरून धातूची कांडी सरकवायची, ही हवाईची पद्धत तिकडे टेक्सासला पोचली तशी इकडे कोलकाता-मुंबईलाही आली. ज्यांच्या घरी व्हॅन शिपले यांनी वाजवलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्या होत्या, त्यांना मॅकॉलिफची मींड पहिल्याच ऐकण्यात ओळखीची वाटेल.

महायुद्धात शॅम्बलिन लष्करात गेला. विल्सच्या त्या सुमाराच्या ध्वनिमुद्रिकांत ज्युनियर बर्नार्डची गिटार आहे : खरखरीत, आक्रमक, रॉक संगीताच्या कितीतरी आधी फाटक्या आवाजात गरजणारी. बर्नार्ड १९५१ साली मोटार अपघातात गेला, तिशीतच. त्याच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

युद्धानंतर शॅम्बलिन परतला आणि १९५४ साली त्याच्या हाती एक सोनेरी गिटार आली. कॅलिफोर्नियात फुलर्टनला लिओ फेंडर नवीन विजेच्या गिटारी बनवत होता. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे, म्हणून नवं वाद्य तो वेस्टर्न वादकांच्या हाती द्यायचा आणि त्यांच्या तक्रारी ऐकून सुधारायचा. स्ट्रॅटोकास्टर त्याच वर्षी बाजारात आली. शॅम्बलिनला मिळालेली स्ट्रॅटोकास्टर सोनेरी रंगाची होती, आणि तेव्हा असा रंग दुर्मीळ होता. पुढे रॉकवाल्यांनी हे वाद्य किंचाळायला लावलं. शॅम्बलिनने त्यावर आयुष्यभर ऱ्हिदम वाजवला, आणि मला विचाराल तर स्ट्रॅटोकास्टरचा इतका गोड, गोलसर आवाज दुसऱ्या कुणी काढलेला नाही.

मधली बरीच वर्षं टल्सात शिकवण्या आणि वाद्यदुरुस्ती करण्यात गेली. त्याला पुन्हा मंचावर आणलं कंट्री गायक मर्ल हॅगर्डने. विल्सच्या प्रेमापोटी फिडल शिकून हॅगर्डने १९७० साली त्याच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली आणि त्यासाठी जुन्या प्लेबॉइजना गोळा केलं. नंतर त्याने शॅम्बलिनला स्वतःच्या वाद्यवृंदातच घेतलं. डिसेंबर १९७३ मध्ये डॅलसला विल्सचं शेवटचं ध्वनिमुद्रण झालं. विल्स चाकांच्या खुर्चीत होता. पहिल्या दिवसानंतर त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि दुसऱ्या दिवशी वादकांना त्याच्याशिवाय वाजवावं लागलं. १९७५च्या मे महिन्यात तो गेला. ‘फॉर द लास्ट टाइम’ या नावाने ते ध्वनिमुद्रण मिळतं. शॅम्बलिन ऐकायला सुरुवात करायची तर मी हेच सुचवीन, कारण १९३०-४०च्या तबकड्यांत खरखरीखाली दबलेली त्याची तळाची ओळ इथे सुटी ऐकू येते. हेडफोन लावा, गाणं बाजूला ठेवा आणि फक्त मात्रा मोजत त्याच्या कॉर्ड पकडायचा प्रयत्न करा.