कोल्ह्यामागचे घोडे

सुरत आणि घोडा असे म्हटले की मराठी माणसाला 1664 आणि 1670 आठवतात. शिवाजी महाराजांचे घोडदळ दोनदा या शहरावर चालून आले आणि दोन्ही वेळा लक्ष्य होत्या त्या सावकारी पेढ्या. घोड्यावरून निव्वळ मौजेसाठी कोल्ह्यामागे रानात धावणाऱ्यांची गोष्टही मात्र याच किनाऱ्यापासून सांगता येते.

1613च्या सुमारास इंग्रजांनी इथे वखार घातली. 1615 साली इंग्रज वकील टॉमस रो जवळच्या सुवाळीला उतरला आणि जहांगीराच्या दरबारी गेला. बादशहाने त्याच्याकडे विलायती घोडा मागितला. त्याच काळात इंग्रजी मास्टिफ कुत्रीही जहाजातून निघाली. बरीच समुद्रातच मेली, उरलेली बादशहाच्या पदरी पडली. कोल्हा इथे आधीपासून होताच!

पण तेव्हा विलायतेतही कोल्ह्याला मान नव्हता. मान हरणाचा. पुढे जंगले आटली, कुरणांना कुंपणे पडली आणि 1753 पासून ह्यूगो मेनेल याने क्वॉर्न नावाच्या शिकारी ताफ्यासाठी वेगवान हाउंड कुत्र्यांची पैदास केली. मग कुत्र्यांमागे कुंपणांवरून घोडा उडवणे हाच खेळ झाला. मारण्याचे काम कुत्र्यांचे, स्वाराने फक्त मागे राहू नये. लाल कोट, शिंग फुंकणे, घरंदाजपणाचा थाट, सारे या एका गोष्टीभोवती जमले.

हिंदुस्थानात तो थाट आला, पण हवामानाने त्याची परीक्षा पाहिली. इथले खोकड चिमुकले, चटकन बिळात शिरणारे. म्हणून साहेबांनी इथला कोल्हा, म्हणजे त्यांचा ‘जॅकल’, धरला. माग निघतो वासावर आणि वास टिकतो दव असेपर्यंत. त्यामुळे शिकार हिवाळ्यातली, तीही भल्या पहाटे. बोटीने आणलेली कुत्री उन्हाळ्यात दगावत. उटीच्या थंड माळांवर, वेनलॉक डाउन्सवर, हा प्रकार सर्वांत चांगला रुजला, यात नवल नाही.

सुरतेच्या आसपासचा बराच मुलूख मात्र गायकवाडांचा, आणि तिथली शिकार वेगळी. सोनगड, व्यारा, नवसारी हे सारे बडोदे संस्थानात. खंडेराव महाराजांना (कारकीर्द 1856 ते 1870) शिकारीचा भारी नाद. फ्रेंच प्रवासी लुई रूसले याने बडोद्याची चित्त्याची शिकार लिहून ठेवली आहे. डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता बैलगाडीतून काळविटांजवळ न्यायचा. बैलगाडी त्यांच्या सवयीची, ती बुजत नाहीत. पट्टी काढली की काही क्षणांत निकाल. पाहायला थरारक खरे, पण स्वाराचा पराक्रम त्यात कुठला?

तो पाहायचा तर कोल्हापुरी. शाहू महाराजांकडेही चित्ते होते, पण त्यांची खरी आवड रानडुकराची: दौडत्या घोड्यावर, हातात भाला. डुक्कर उलटून अंगावर येते, घोडा अडखळला तर सारे संपले. 1918 साली महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी अशाच शिकारीत घोड्यावरून पडून गेले. मला ही शिकार इंग्रजी शिकारीपेक्षा प्रामाणिक वाटते. जीव घेणारा निदान स्वतःचा जीव पणाला लावत होता. डुकराला त्याचे काय, असे कोणी विचारले तर उत्तर नाही.

आपल्याकडे 1972चा वन्यजीव कायदा आणि त्यातले पुढचे बदल यांनी हे पर्व मिटवले. कोल्हा, खोकड आणि काळवीट आता संरक्षित आहेत. विलायतेत पेच वेगळा झाला. इंग्लंड आणि वेल्समध्ये 18 फेब्रुवारी 2005 पासून कुत्र्यांकडून कोल्हा मारवण्यावर बंदी आली, तरी ताफे मोडले नाहीत. वासाची चिंधी जमिनीवरून ओढत न्यायची, तिच्या मागावर कुत्री, त्यांच्यामागे घोडे. म्हणजे कोल्हा वजा केला तरी लोकांना घोडा उडवायचाच होता. विरोधक म्हणतात, हे सोंग आहे, कोल्हे अजून मरतातच. 2024च्या निवडणुकीत मजूर पक्षाने ही वाटही बंद करण्याचे वचन जाहीरनाम्यात दिले आणि खेड्यापाड्यांतले घोडेवाले पुन्हा भांडायला उभे राहिले.