गुणाकाराची साक्ष

दोन नाणी एकदम उडवली, तर दोन्हींवर छापा पडण्याची संभाव्यता किती? १/२ गुणिले १/२, म्हणजे १/४. हा गुणाकाराचा नियम आपण वर्गात शिकवतो. ‘घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तर’ ही अटही फळ्यावर लिहितो. पण गणिते सोडवताना ती मागे पडते. ही अट विसरल्यामुळे काय घडू शकते, हे अमेरिकेतील ‘पीपल विरुद्ध कॉलिन्स’ या खटल्यात दिसून आले.

१८ जून १९६४ रोजी लॉस एंजेलिस शहरात बाजारहाट करून घरी निघालेल्या एका वृद्ध बाईंना कोणीतरी ढकलून पाडले व त्यांची पर्स पळवली. सोनेरी केसांची एक तरुणी पळताना दिसली. ती एका पिवळ्या मोटारीत बसली आणि मोटार चालवणारा पुरुष कृष्णवर्णीय असून त्याला दाढीमिशा होत्या, असे एका साक्षीदाराने सांगितले. पुढे या वर्णनाशी जुळणाऱ्या एका जोडप्याला अटक झाली.

साक्षीदारांनी पटवलेली ओळख कच्ची होती. तेव्हा सरकारी वकिलांनी गणिताच्या एका प्राध्यापकांना साक्षीला बोलावून गुणाकाराचा नियम समजावून घेतला आणि स्वतःच पुढील आकडे मांडले :

अंशतः पिवळी मोटार : १/१०
मिशा असलेला पुरुष : १/४
केसांची पोनीटेल बांधलेली तरुणी : १/१०
सोनेरी केसांची तरुणी : १/३
दाढीवाला कृष्णवर्णीय पुरुष : १/१०
मोटारीतील मिश्रवर्णीय जोडपे : १/१०००

सर्वांचा गुणाकार १ कोटी २० लाखांत एक! ज्यूरीने दोघांनाही दोषी ठरवले. पतीने अपील केले आणि १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. या निकालपत्रात गणिताच्या शिक्षकाला उपयोगी पडेल असे बरेच काही आहे.

पहिला आक्षेप साधा होता. हे आकडे आले कोठून? दर दहा मोटारींत एक पिवळी असते, याचा कोणताही पुरावा न्यायालयापुढे नव्हता.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याच्या अटीचा. दाढी ठेवणारे बहुतेक पुरुष मिशाही ठेवतात. मग १/४ आणि १/१० यांचा गुणाकार कसा करता येईल? आपल्या वर्गातले उदाहरण घेऊ. ६० मुलींपैकी १५ जणी दोन वेण्या घालतात आणि त्याच १५ जणी रिबिनी बांधतात. गुणाकार केला तर दोन्ही गोष्टी असलेल्या मुली १/१६, म्हणजे जेमतेम चार निघतील. प्रत्यक्षात त्या १५ आहेत.

तिसरा मुद्दा असा की, साक्षीदाराची नजर चुकू शकते, दाढी खोटी असू शकते, केस रंगवलेले असू शकतात. हे गुणाकारात कोठेच येत नाही.

चौथा मुद्दा सर्वांत सूक्ष्म आहे. वरील आकडा खरा मानला, तरी तो कोणत्याही एका जोडप्याचे वर्णन जुळण्याची संभाव्यता सांगतो. वर्णन जुळलेले जोडपे निर्दोष असण्याची नव्हे. समजा, एकूण १ कोटी २० लाख जोडपी आहेत. त्यांत वर्णनाशी जुळणारे एकही जोडपे नसण्याची संभाव्यता सुमारे ३७ टक्के, नेमके एकच असण्याची ३७ टक्के आणि एकाहून अधिक असण्याची २६ टक्के येते. एक जोडपे तर सापडलेलेच आहे. म्हणजे पहिली शक्यता बाद झाली. उरलेल्या ६३ पैकी २६, म्हणजे सुमारे ४१ टक्के इतकी संभाव्यता अशी की, तसेच आणखी निदान एक जोडपे कोठेतरी आहे. निकालपत्राला जोडलेल्या परिशिष्टात न्यायालयाने हीच आकडेमोड केली आहे.

न्यायालयाने गणिताला दाराबाहेर काढले, असा याचा अर्थ नाही. डीएनए चाचणीतही असाच गुणाकार करतात. मात्र तेथे प्रत्येक खुणेचे लोकसंख्येतील प्रमाण प्रत्यक्ष नमुने तपासून ठरवलेले असते आणि खुणा स्वतंत्रपणे वारशाने येतात का, हेही पडताळलेले असते. कॉलिन्स खटल्यात नेमके हेच झाले नव्हते.

संभाव्यतेचा धडा शिकवताना वरचे सहा आकडे फळ्यावर लिहावेत आणि गुणाकार करण्यापूर्वी विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारावेत : हा आकडा कोणी मोजला? आणि या दोन गोष्टी खरोखर स्वतंत्र आहेत का? ज्यूरीतील नागरिकांना हे प्रश्न विचारण्याची सवय असती, तर १ कोटी २० लाखांचा आकडा ऐकून ते इतके दिपले नसते.