पगाराची यादी, हजेरीची यादी

पहाटे साडेपाच

शटर सहाला वर जातं. त्याआधीचा अर्धा तास दुकानाच्या स्वतःच्या यादीचा. रात्री रोजमेळ मिटवताना जे संपत आल्यासारखं वाटतं ते मी वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवते आणि पहाटे पोत्यात हात घालून खात्री करते. नजरेला अर्धं दिसणारं पोतं हात घातला की तळाला गेलेलं असतं. आज शेंगदाणे, हरभरा डाळ, पोहे. डिसेंबर चालू आहे, म्हणजे संक्रांतीचे तीळ-गूळ आत्ताच भरून ठेवायला हवेत, तेही लिहिले. यादी फोनवरून पुण्याला, गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या भुसार व्यापाऱ्याकडे गेली. दुपारी टेम्पो येईल.

आजेसासऱ्यांच्या वेळी हाच माल नाना पेठ, भवानी पेठेतून तळेगावात यायचा. त्यांची एक वही आम्ही जपून ठेवली आहे, मोडीतली. वर मधोमध श्री, डावीकडे जिन्नस, उजवीकडे शेर आणि पायली. वजनाला किलो सक्तीचा झाला तो 1962 च्या एप्रिलपासून, तरी त्यानंतरच्या काही पानांवर शेर रेंगाळलेला दिसतो. ढमढेरे सरदारांचं हे गाव. पेशवे दप्तरात याद्या, झाडे, तेरजा, रोजकीर्दी यांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवले आहेत. त्या लिहायला कारकून होते. चुलीची यादी मात्र बाईच्या डोक्यातच राहिली; मुली शाळेत जायला लागल्या तेव्हा ती कागदावर उतरली. अजूनही कितीतरी घरांत आजी सांगते आणि नात लिहिते. अक्षर नातीचं, हिशेब आजीचा.

सात

या वेळी कागद कमी, तोंडी काम जास्त. कांद्याच्या लागणीला निघालेल्या बाया रस्त्यावर पिकअपची वाट बघत असतात, तेवढ्यात दुकानात येऊन जातात. चहापत्तीची पुडी, पाव किलो साखर, पाव किलो तूरडाळ, तेलाची लहान पिशवी, जिऱ्याची पुडी. एकीच्याही हातात चिठ्ठी नसते. म्हणून या बायांना यादी करता येत नाही असं म्हणणारे लोक मला भेटतात, आणि तिथं मी गप्प बसत नाही.

आज एक आक्का उभ्या होत्या. हजेरीतले दोनशे रुपये हातात. त्यांनी आधी औषधाचे बाजूला काढले, मग नातवाच्या वहीचे, उरलेल्यात दोन वेळचं कालवण बसवलं. "डाळ आज पाव दे, उद्या मटकी हाय भिजवलेली, परवा बाजार." तीन दिवसांची यादी त्यांनी उभ्या उभ्या, कागदाशिवाय, पैशासकट मांडली. पगारदार घरातल्या दोन पानी यादीला एवढा विचार लागत नाही, कारण तिथं एक जिन्नस वाढला म्हणून दुसरा कापावा लागत नाही.

मग फरक कशाचा? पैसा कसा हातात येतो त्याचा. किराण्यात इतकी वर्षं बसून मला एवढं पक्कं कळलं आहे की यादीची लांबी घरातली अक्कल ठरवत नाही, पैशाची तारीख ठरवते. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावच्या कंपन्यांत जाणाऱ्यांची यादी महिन्याची. डेअरीला दूध घालणाऱ्यांची दहा दिवसांची, कारण दुधाचं बिल दहा दिवसांनी होतं. ऊसवाल्या घराची मोठी यादी उसाचं बिल पडेल तेव्हा. आणि हजेरीवर जाणाऱ्यांची यादी रोजची. रोज पावशेर घेणाऱ्याला तेच सामान महाग पडतं. साखरेचा किलोला पन्नास रुपये भाव धरला तर पावाचे साडेबारा होतात. काही दुकानदार चौदा-पंधरा घेतात. म्हणजे किलोमागं सहा ते दहा रुपये जास्त, आणि तेही ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहेत त्याच्याकडून.

साडेनऊ

आता कागद येतात. आज आठ तारीख. हजाराहून कमी कामगार असतील तर पगार सात तारखेपर्यंत, जास्त असतील तर दहापर्यंत द्यायचा, ही 1936 च्या वेतन कायद्यानं घालून दिलेली रीत; माझ्या दुकानातली गर्दी आजही तिच्या तालावर चालते. अर्ध्या याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो होऊन येतात, काही नुसत्या बोलून पाठवलेल्या. बोललेली यादी मी आधी कागदावर उतरवते, मगच माल काढायला देते.

यादी वाचली की ती कुठं बसून केली ते ओळखू येतं. डबे उघडून केलेली यादी फळीच्या क्रमानं जाते: साखर, पत्ती, गूळ, मग डाळी, मग कडधान्यं, मग मोहरी-जिरं-हळद-हिंग, शेवटी साबण, निरमा, काडेपेटी, उदबत्ती. तिच्यात मीठ विसरलेलं नसतं. चालता चालता आठवून केलेल्या यादीत मात्र बिस्किटं, फरसाण, सॉस आधी येतात, आणि संध्याकाळी पोरगं धावत येतं, "काकू, आईनं मीठ आणि मोहरी सांगितलीय." असं धावत आलेलं पोरगं मिठाबरोबर आणखी काहीतरी घेऊन जातं. माझा गल्ला त्यानं भरतो, तरीही मी प्रत्येकीला सांगते: आदल्या रात्री, भांडी घासून झाल्यावर, डबे उघडून लिही. आणि जिन्नसापुढं वजन लिही. नुसतं ‘शेंगदाणे’ लिहून आलं की माझ्या पोऱ्यानं किलो बांधायचा की अर्धा, हे घरातल्या बाईनं ठरवायचं सोडून दुकानानं ठरवल्यासारखं होतं.

साडेअकरा

तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे लग्नांच्या याद्या सुरू होतात. आज मुलीकडचे नाना आणि त्यांचे धाकटे भाऊ आले, सोबत आचाऱ्याची यादी. आचारी शेकड्यावर बोलतो. मसालेभाताला शंभर पानांमागं आठ-नऊ किलो तांदूळ, त्यावर डाळ, तेल, बेसन, साखर ठरत जाते. कागदावर पहिले दोन जिन्नस हळद आणि कुंकू. त्याखालीच खर्चाला सुरुवात.

त्याआधी एक यादी होऊन गेलेली असते, दोन्ही घरांच्या बैठकीतली. कोणी काय करायचं, मानपान कुणाकडे, जेवण कुणाकडे, कपडे कुणाचे. यादीला हळदकुंकू लावून दोन्हीकडची माणसं सह्या करतात, मग साखरपुडा. कितीतरी घरांत लग्नाचं कर्ज त्या बैठकीतच चढतं. "लोक काय म्हणतील" एवढ्यावर दोनशे पानांची पाचशे पानं होतात.

म्हणून नानांना मी एक गोष्ट मुद्दाम सांगितली. हुंडा मागणं, देणं, घेणं 1961 च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण 2 ऑक्टोबर 1985 पासून लागू झालेले नियम असेही आहेत की लग्नात वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची, वधूची वधूनं ठेवायची, वराची वरानं. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं, खाली सह्या. गावात आहेराची वही प्रत्येक मांडवात असते, पण ती बहुतेक परतफेडीसाठी ठेवलेली, आणि ती घरातल्या कर्त्याच्या कपाटात जाते. मुलीला काय मिळालं याची यादी मुलीच्या हातात असलेली मी फार थोड्या घरांत पाहिली. नाना म्हणाले, "लिहू की, त्यात काय." लिहितील असं वाटतं.

दोन

जेवण उरकून बसले तोवर शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी आल्या. त्यांची यादी मला फार आवडते. शाळेत प्रमाण ठरलेलं असतं: पहिली ते पाचवीच्या मुलामागं तांदूळ 100 ग्रॅम, डाळ-कडधान्य 20, तेल 5, सहावी ते आठवीला 150, 30 आणि साडेसात. तो हिशेब त्यांनी घरी आणला. घरात माणसं पाच, डाळ-उसळ मिळून माणशी 40 ग्रॅम, म्हणजे रोजचे 200 आणि महिन्याला सहा किलो. त्यांच्या घरी महिनाअखेर डबा रिकामा नसतो आणि किडलेली डाळही निघत नाही. माणशी धरून केलेल्या यादीत घरातल्या बाईचाही वाटा आपोआप धरला जातो. अंदाजानं रांधलेलं कमी पडलं तर शेवटी बसणाऱ्या बाईच्याच पानात कमी पडतं.

साडेतीन

टेम्पो आला. यादी हातात धरून एकेक पोतं मोजून घ्यायचं, खूण करायची, मगच सही. सणसवाडीच्या कंपनीत लागलेला शेजारचा मुलगा पोती उतरवायला मदत करत होता. त्याच्याकडे पाळी बदलताना मशीनची यादी खूण करत तपासावी लागते. मी त्याला अतुल गवांदे यांच्याबद्दल सांगितलं. अमेरिकेतले शल्यविशारद, वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या गटानं शस्त्रक्रियेच्या वेळी मोठ्यानं वाचायची 19 मुद्द्यांची यादी बनवली. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. 2009 च्या जानेवारीत निकाल छापून आला: मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आलं होतं. त्या यादीत नवीन शोध एकही नाही. रोगी हाच ना, जागा हीच ना, प्रतिजैविक दिलं ना, शेवटी बोळे मोजले ना. जाणत्या माणसाला हे सगळं माहीत असतं. घाईत ते राहू नये म्हणून कागद.

साडेपाच

ऊसतोडीची टोळी आली. खर्ची मिळालेली दिसते. बाजरी, मिरची, तेल, मीठ, लेकरांना बिस्किटं. यादी मुकादमाच्या फोनात आहे, पण पिशव्या भरताना बाया आपापसात बोलून ती बदलतात, आणि बदललेली यादी आधीच्यापेक्षा नेहमी बरी असते.

लागणीच्या बायांची गेल्या हंगामातली एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. एका टोळीनं ठरवलं, रोज पुडी घ्यायची नाही. बाजारच्या दिवशी सगळ्यांची मिळून एकच यादी, तेलाचा पंधरा किलोचा डबा, चहापत्तीचं मोठं पाकीट, साखर कट्ट्यानं, आणि घरी नेऊन वाटणी. पैसे भिशीसारखे आधी गोळा. ती यादी लिहायला त्यांनी दहावीतल्या मुलीला बसवलं. पैसा रोजचाच राहिला, पण भाव ठोकाचा मिळाला.

नऊ

रोजमेळ मांडला, उधारीची वही बघितली, उद्याची यादी मागच्या पानावर लिहिली. छापील किमतीच्या पुडीत मला हात घालता येत नाही. सुट्या मालाचा भाव मात्र माझ्या हातात आहे. साखर, डाळ, पोहे, शेंगदाणे पावशेर घेतले तरी आमच्याकडे किलोचाच भाव लागतो, सुटे पैसे वरखाली झाले तर गिऱ्हाइकाच्या बाजूनं. दुकान त्यानं बुडालं नाही. शिरूर-दौंडमधल्या माझ्या किराणावाल्या भावा-बहिणींना एवढंच मागणं आहे: ज्याची यादी एका दिवसाची आहे त्याला महिन्याच्या यादीचा भाव द्या. आणि बाया मिळून एक यादी करायला तयार असतील तर आपल्या दुकानातला कागद-पेन पुढं करा.