अंगण खरोखरच वाकडे होते

दुकानाच्या गादीवर बसणाऱ्यास एक धडा फार लवकर मिळतो. ग्राहक तक्रार करतो तोवर तो आपला असतो. तक्रार न करता जो शेजारच्या दुकानी जातो, तो गेलाच म्हणून समजावे. आपल्या वाडवडिलांनी हा धडा माप, वजन आणि माल यांच्या बाबतीत पाळला. आता गादीशेजारच्या टेबलावर संगणक येऊन बसला आहे. त्याच्या पडद्याविषयी जी तक्रार होते, तिच्याकडे आपण त्याच दृष्टीने पाहतो काय, हा प्रश्न आम्ही व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहो.

प्रथम आमचीच चूक सांगतो. पांढुर्णा व सौंसर येथील व्यापार हा सीमेवरचा व्यापार. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर व आपण एकाच राज्यात होतो. राज्यपुनर्रचनेत नागपूर पलीकडे गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. भाषा, सोयरीक आणि बाजारपेठ मात्र तुटली नाही. सौंसरचा माल सावनेरास आणि पांढुर्ण्याचा वरुडास आजही सहज जातो. परंतु १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या हिशेबी ती गावे परराज्यातील होत. राज्यातील विक्रीवर केंद्रीय कर व राज्य कर असे दोन भाग लावावयाचे. परराज्यातील विक्रीवर एकच एकात्मिक कर.

आमच्या पेढीवर बिले करण्यासाठी जी संगणकप्रणाली होती, तीत नव्या ग्राहकाचे नाव नोंदविताना ‘मध्य प्रदेश’ हे राज्य आधीच भरलेले असे, आणि ती चौकट इतकी खाली होती की पडदा सरकविल्यावाचून दिसत नसे. ज्यांच्या रोजमेळात वर्षानुवर्षे पैचा फरक पडला नाही, त्या आमच्या वृद्ध मुनीमजींच्या हातून एका महिन्यात दोन बिले चुकीच्या कराने नागपुरास गेली. तेथील ग्राहकास त्या कराची वजावट मिळेना. आम्हांस योग्य शीर्षाखाली कर पुन्हा भरावा लागला, आणि आधीच्या रकमेच्या परताव्यासाठी निराळा अर्ज करावा लागला.

मुनीमजी म्हणाले, “शेठजी, राज्याची चौकट डोळ्यांसमोर येतच नाही. मी ती शोधावी तरी कुठे? त्यापेक्षा जुनी वहीच बरी होती.” आम्ही चारचौघांत हसून म्हणालो, “नाचता येईना, अंगण वाकडे!” त्यानंतर ते या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. पुढे कळले की प्रत्येक बिल ते आधी पेन्सिलीने कागदावर मांडीत आणि मगच संगणकाला हात लावीत. तक्रार थांबली होती. त्रास थांबला नव्हता.

प्रणाली तयार करणारे गृहस्थ वार्षिक देखभालीस आले तेव्हा त्यांचेही पहिले उत्तर “इतरांची काही तक्रार नाही” हेच होते. परंतु ते भले गृहस्थ अर्धा दिवस मुनीमजींच्या शेजारी न बोलता बसले. नाव, गाव, दूरध्वनी, आणि लगेच नोंद पक्की करण्याचे बटण, असा मुनीमजींचा हात चाले. नजर खाली जाण्याचे कारणच नव्हते. ते उठून म्हणाले, “अंगण खरोखरच वाकडे आहे.” कर-नोंदणी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: मध्य प्रदेशाचे २३, महाराष्ट्राचे २७. त्यावरून राज्य आपोआप ठरावे, अशी योजना त्यांनी केली. ज्याचा नोंदणी क्रमांक नाही, त्याच्या राज्याची चौकट नावाखालीच आणि कोरी ठेवली; ती भरल्यावाचून बिल पुढे सरकत नाही. तेव्हापासून ती चूक पुन्हा झालेली नाही.

असे प्रसंग मोठमोठ्यांवरही आले आहेत. ॲपल कंपनीचा ‘लिसा’ हा संगणक १९८३ साली बाजारात आला. तो तयार होत असताना सामान्य माणसांना त्याच्यापुढे बसवून पाहिले गेले. एका बटणावर ‘डू इट’, म्हणजे ‘हे करा’, असे इंग्रजीत लिहिले होते. अक्षरांच्या ठेवणीमुळे एका माणसाने ते ‘डोल्ट’, म्हणजे ‘मठ्ठ’, असे वाचले, आणि हा संगणक मला मठ्ठ का म्हणतो, असे रागाने विचारले. कंपनीने त्यास वाचन शिकविले नाही. बटणावरील शब्द बदलून ‘ओके’ केला. पुढे २०१२ साली मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज ८’ मधून ओळखीचे ‘स्टार्ट’ बटण काढले, तेव्हा जगभर नाराजी उमटली. २०१३ साली बटण परत आले, आणि २०१५ च्या ‘विंडोज १०’ मध्ये त्याची पूर्ण यादीही परतली.

जीएसटीच्या पोर्टलचा अनुभव तर आपणा सर्वांस आहे. आरंभी ‘३-बी’ विवरणपत्रात ‘सबमिट’ची कळ दाबली की आकडे गोठत; चूक ध्यानी आली तरी हात बांधलेले. व्यापाऱ्यांनी, त्यांच्या संघटनांनी व कर-सल्लागारांनी सातत्याने गाऱ्हाणी मांडली. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही पोर्टलच्या अडचणींबद्दल नापसंती व्यक्त केली. त्याच महिन्यात ‘३-बी’ सुधारण्यात आले: ‘सबमिट’चा स्वतंत्र टप्पा गेला, रोख भरावयाची रक्कम आधी दिसू लागली, चलन आपोआप भरले जाऊ लागले, आणि केंद्रीय कराचा आकडा लिहिताच राज्य कराचा आकडा स्वतःच उमटू लागला.

त्या पोर्टलवर आम्ही किती रागावलो होतो! आणि मुनीमजींना मात्र आम्ही तेच उत्तर दिले, जे आम्हांस मिळाले तेव्हा झोंबले होते. यावरून दोन गोष्टी आम्ही शिकलो. तक्रार करणाऱ्याने नुसते “हे चालत नाही” न म्हणता कोणत्या दिवशी, कोणत्या पानावर, कोणती कळ दाबल्यावर काय झाले, ते लिहून ठेवावे. आणि ऐकणाऱ्याने “इतरांना जमते” हे वाक्य गिळावे, शेजारी बसून पाहावे, आणि काय केले किंवा का केले नाही ते सांगावे. सुचविलेला उपाय मान्य केलाच पाहिजे असे नाही. मुनीमजींना वही परत हवी होती, ती आम्ही दिली नाही. परंतु त्यांचे दुखणे खरे होते, आणि त्यावर औषधही सापडले.

ज्या चारचौघांत हसलो, त्यांच्याच समोर आम्ही मुनीमजींची क्षमा मागितली. त्यांची पेन्सिल आता कानावरच असते.