घराचा हप्ता थकवण्याआधी

"साहेब, तीन-चार महिने घराचा हप्ता भरलाच नाही तर काय होईल?" आमच्या अहिल्यानगरात सावेडी, केडगाव, भिंगार, कुठेही भेटलेला माणूस हल्ली मला हे विचारतो. बँकेच्या कर्ज विभागात माझी सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतरही ओळखीची माणसं कागदांची पिशवी घेऊन घरी येतात. विचारणारा बहुधा लबाड नसतो. कुणाचा नागापूर एमआयडीसीतला ओव्हरटाइम बंद झालेला असतो, कुणाच्या घरात मोठं आजारपण निघालेलं असतं. म्हणून या प्रश्नाला रागावून उत्तर देऊ नये, नीट समजावून द्यावं, असं मला वाटतं.

मी नेवासे तालुक्यातल्या शेतकरी घरातला. हा प्रश्न आपल्याकडे इतक्या सहज का सुचतो, ते मला ठाऊक आहे. 2008 साली केंद्राची कर्जमाफी आली. 1 जून 2017 रोजी आपल्याच राहाता तालुक्यातल्या पुणतांब्यातून शेतकरी संपाची ठिणगी पडली आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने दीड लाखापर्यंतची माफी जाहीर केली. डिसेंबर 2019 मध्ये दोन लाखांपर्यंतची आली. दरवर्षी मार्चअखेर उसनवारी करून सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करणाऱ्याला प्रोत्साहनपर थोडी रक्कम मिळाली आणि थांबलेल्याचं सगळं खातं कोरं झालं. दुष्काळात होरपळलेल्या शेतकऱ्याला ती मदत हवीच होती. पण 'थांबलं की सुटतं' हा हिशेब त्यातून गावोगाव मनात बसला. शेतकऱ्याचा मुलगा नगरला येऊन फ्लॅट घेतो, तेव्हा हाच हिशेब घराच्या कर्जाला लावतो. यातल्या एकाही योजनेत घराच्या कर्जाला जागा नव्हती.

कायदाही दोन्हीकडे सारखा नाही. 2002 च्या सरफेसी कायद्यानुसार बँकेला दिवाणी कोर्टात न जाता तारण मालमत्तेचा ताबा घेता येतो. शेतजमीन या कायद्यातून वगळलेली आहे, राहतं घर मात्र वगळलेलं नाही. "आपली बँक सहकारी आहे, ती काय करणार?" असंही लोक म्हणतात. मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मे 2020 मध्ये निकाल दिला, की सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो. पतसंस्थांकडे सहकार कायद्यातल्या कलम 101 खालचा वसुली दाखला आहेच.

हप्ता थांबला की पुढचा क्रम असा असतो. थकबाकीला 90 दिवस उलटले की खातं एनपीएत, म्हणजे अनुत्पादक कर्जांत, जातं. त्यानंतर एखाद-दुसरा हप्ता भरून भागत नाही. खातं पुन्हा नियमित व्हायला सगळी थकबाकी भरावी लागते. मग 60 दिवसांची नोटीस येते. तिला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मुदत संपल्यावर ताब्याची कारवाई सुरू होते, त्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडेही अर्ज करू शकते. त्या कारवाईविरुद्ध कर्ज वसुली न्यायाधिकरणात दाद मागायला 45 दिवस मिळतात. लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्याआधी सगळं येणं भरलं तर घर वाचतं. नोटीस घेतलीच नाही, दाराला कुलूप लावून गावी गेलं, म्हणून यातलं काहीही थांबत नाही.

2008 च्या मंदीत अमेरिकेत अनेकांनी घराच्या किल्ल्या बँकेकडे परत करून कर्जातून अंग काढून घेतलं. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत राहत्या घराच्या खरेदीकर्जाची वसुली त्या घरापुरतीच असल्यामुळे ते जमलं. आपल्याकडे लिलावात कमी रक्कम आली तर उरलेलं कर्ज तुमच्या डोक्यावर राहतं आणि जामीनदाराच्याही. जामीनदार म्हणजे बहुतेक वेळा मेहुणा किंवा कंपनीतला मित्र. कायद्याने त्याची जबाबदारी तुमच्याइतकीच आहे.

"पाच वर्षं भरतोय, कर्ज हलतच नाही," ही तक्रार मात्र खरी आहे. 20 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता येतो सुमारे 17,350 रुपये. पहिल्या हप्त्यातले 14 हजारांहून जास्त नुसत्या व्याजात जातात. पाच वर्षांत दहा लाखांवर भरूनही मुद्दल उरतं साडेसतरा लाखांच्या पुढे. माणूस इथेच खचतो. पण थकवल्याने हे व्याज थांबत नाही, वर दंड चढतो. करोनाकाळात मार्च ते ऑगस्ट 2020 या काळासाठी रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती, तेव्हाही व्याज चालूच होतं.

नगरकरांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. 1910 साली स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने 4 ऑक्टोबर 2023 रोजी रद्द केला. "बँकच गेली, आता कुणाला भरायचं?" असं तेव्हा बरंच ऐकलं. बँक बंद झाली तरी कर्ज जिवंत राहतं, ते अवसायक वसूल करतो. ठेवीदाराला विम्याचं संरक्षण पाच लाखांपर्यंतच आहे. त्याहून मोठी ठेव असलेल्या निवृत्त शिक्षकाची, विधवा बाईची आशा या वसुलीवरच असते. पैसे असूनही असं कर्ज थकवणारा माणूस शेजाऱ्याच्या म्हातारपणात हात घालतो. हे मला कधीच मान्य होणार नाही.

मग खरंच पैसे नसलेल्याने काय करावं? पहिला हप्ता चुकण्याआधीच शाखेत जावं. मुदत वाढवून हप्ता कमी करायचा लेखी अर्ज द्यावा, सोबत पगाराच्या स्लिपा, दवाखान्याची बिलं जोडावीत आणि पोच घ्यावी. खातं एनपीएत जाण्याआधी बँकेच्या हातात पुष्कळ असतं, नंतर फार थोडं उरतं. बदलत्या दराचं घरकर्ज दुसरी बँक स्वस्तात देत असेल तर तिकडे न्यावं. मुदतीआधी फेडल्याचा दंड वैयक्तिक कर्जदाराला लागत नाही. वसुलीची माणसं सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करत असतील तर लेखी तक्रार करावी, तो तुमचा हक्क आहे. आणि हप्ता कायमचाच झेपणार नसेल, तर बँकेच्या संमतीने घर स्वतः विकावं. लिलावापेक्षा चांगला भाव मिळतो आणि जामीनदाराचं घर शाबूत राहतं.

अडचण आली म्हणून कुणी अप्रामाणिक ठरत नाही. पण अडचण लपवू नका. अहिल्यानगर असो की मुंबई, घराच्या कर्जाला माफीचा मुहूर्त नसतो. आज घरात हप्त्याची चिंता असेल तर उद्या सकाळी कागद घेऊन बँकेत जा, आणि जाताना जामीनदारालाही सोबत न्या.